मिशीची माफी

माझी धाकटी जाऊ कापडाच्या दुकानात अल्टरेशनला बसायची. पुरुषांच्या पँटी सैल-घट्ट करायच्या, हे तिचं काम. माप देताना भलेभले पोट आत ओढून उभे राहतात आणि मग बटण लागत नाही म्हणून तिच्यावरच डाफरतात. वर्षानुवर्षं तिने ते मुकाट ऐकलं.

एके दिवशी तिने काजळाने मिशी काढली, नवऱ्याची पँट चढवली आणि मोबाईलसमोर पोट आत ओढून उभी राहिली. "अहो बाई, टेप बदला तुमची! माझी कंबर लग्नापासून तेवढीच आहे!" एवढं बोलून श्वास सोडला, तर बटण टणकन उडालं. तो व्हिडिओ तिने टाकला आणि हजारो बायकांनी पाहिला. घरात सगळ्यांत जास्त हसले आमचे हे. त्यांना वाटलं, शेजाऱ्याची नक्कल आहे.

मग कुणी मित्र म्हणाला, "अरे, हा तर तूच!" झालं, हसू मावळलं. तिकडे गिऱ्हाइकं कुरकुरली, म्हणून मालकाने बजावलं, "माफीचा व्हिडिओ टाक, नाहीतर कामावर येऊ नकोस."

"टाकायचाच!" हे कडाडले. "बाईमाणसाला मिशा शोभतात का?"

माझं डोकंच फिरलं. हेच गृहस्थ कॉलेजच्या नाटकात साडी नेसून मुरडले होते, तेव्हा सासूबाईंनी चार घरी कौतुक सांगितलं होतं. पुरुषाने पदर घेतला तर कला आणि बाईने मिशी काढली की थेरं? रोज देवापुढे हात जोडते मी. हा न्याय देवाचा नव्हे.

माफीचा व्हिडिओ काढायला ह्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. जाऊ ताठ मानेने "माफ करा" म्हणाली.

"अशी मागतात माफी?" हे पुढे सरसावले. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, मान कलती केली, अंगठ्याने फरशी टोकरत बारीक आवाजात म्हणाले, "चुकले हो मी, पदरात घ्या!"

मी रेकॉर्डिंग थांबवलंच नव्हतं.

"भाऊजी, हाच टाकू का?" जाऊ म्हणाली. "माझ्यापेक्षा फक्कड जमलाय."

"पुसून टाक तो!"

"पुसते," मी म्हटलं, "पण हिला माफी मागायला सांगायचं नाही."

ह्यांनी घाईघाईने टॉवेल डोक्यावरून काढला आणि मान डोलावली. माफी कुणी मागितली नाही आणि तिचं काम गेलं. आता तिचं मशीन आमच्या पुढच्या खोलीत आहे. दुकानात तिच्या जागी एक बाप्या आलाय. तो म्हणे गिऱ्हाईक बायकांच्या नकला करतो, आणि मालक पोट धरून हसतो.