ब्राझीलची अक्कल आणि माझी मिरची

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला? एका दुपारी मी अर्ध्या अकोल्याला रडवलं होतं! आणि तेही ब्राझीलच्या नादी लागून.

माझी लाल मिरचीची आडत. शाळा चौथीपर्यंत, बाकीची विद्या रद्दीतल्या वर्तमानपत्रांतून. त्या साली मिरची इतकी पिकली की भाव विचारायला कुत्रं फिरकेना. माळी मंडळी आपला माल माझ्याकडे आणायची. भाव मिळवून दिला नाही तर दुसऱ्याचं दार धरणार, हे उघड होतं. तेवढ्यात वाचलं : भाव चढावा म्हणून ब्राझीलचं सरकार कॉफीची पोती जाळतंय!

झालं! भर बाजारात मी प्रवचन मांडलं. "तिकडे कॉफीच्या मळ्याला म्हणतात फझेंदा. मळ्याचा मालक तो कोरोनेल, म्हणजे कर्नल! लेकानं जन्मात लढाई पाहिलेली नसते, पण तो बोट दाखवेल तिकडे सारं गाव मत टाकतं. आणि भाव वर धरून ठेवण्याच्या विद्येला म्हणतात व्हालोरिझासाँव!"

"थे खायाचं असते का लावायचं?" सगुणाबाई माळणीनं विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं, बाई. प्रत्येक व्यापाऱ्यानं दहा पोती जाळायची. कबूल?"

"कबूल!" सगळे एका सुरात. आमच्या बाजारात इतकं एकमत? तिथेच संशय यायला हवा होता. पण मी कसला ऐकतोय! मी मनातल्या मनात कर्नल झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मोर्णा नदीच्या कोरड्या पात्रात माझी दहा पोती रचली. घरातला होता नव्हता तो सगळा माल. बाकीचे व्यापारीही आले. रिकाम्या हातांनी, नाकाला उपरणी बांधून!

"अहो, तुमची पोती?"

"पयले तुमी पेटवा ना, शेटजी! आमी पाहून राहिलो."

पेटवली. आणि वारा फिरला.

कॉफी जळताना सुगंध तरी येत असेल. मिरची जळल्यावर काय होतं, हे मिरचीवाल्याला कुणी सांगावं लागतं का? जुन्या शहरात एकच खोकला उसळला. शाळा सुटली. एका घरी मुलगी पाहायला आलेले पाहुणे डोळे पुसत पळाले. मला धरायला हवालदार आला, पण शिंकांपुढे त्याला माझं नावही विचारता येईना.

"आग लागो तुमच्या ब्राझीलले!" सगुणाबाई पदर नाकाशी धरून ओरडली. "डोये फुटले नं बाप्पा!"

पण गंमत ऐका. अकोल्याची सगळी मिरची जळाली, ही आवई बडनेऱ्याला पोचली. तिथले व्यापारी पहिल्या गाडीनं धावत आले आणि भाव दुप्पट! विद्या खरी ठरली की नाही? सगळ्यांनी माल विकला. माळ्यांनी तर परस्पर विकला, माझ्या दारावरून गाड्या हाकत. माझ्याकडे विकायला काय होतं? राख!

त्या संध्याकाळी घरात फोडणीलाही मिरची नव्हती. गेलो सगुणाबाईकडे, रुमाल पसरला. "पावशेर द्या."

तिनं नीट तोलली, रुमालात ओतली. मग त्यातलीच एक मूठ परत काढून घेतली.

"हे काहून?"

"हे माह्या डोयाच्या पाण्याचे."