धुक्यात आडवे आलेले गवे

मी झूऑलॉजीची एम.एस्सी. कुणी भुताखेताच्या गप्पा सुरू केल्या की उठून चहा टाकायला जाणाऱ्यांपैकी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

२००३ ची गोष्ट. तेव्हा मी कसबा बावड्यात राहायचे. राधानगरीच्या डोंगरांत कुठला सस्तन प्राणी कुठे राहतो, याचा नकाशा करायचं काम मिळालं होतं. नकाशावर चौकोन आखलेले. एकेक चौकोन पायी फिरायचा, ठसे, लेंड्या, विष्ठा शोधायची, नोंद करायची. ज्या चौकोनात जनावर, तिथलं जंगल राखीव ठेवायच्या यादीत जाणार. रिकामा चौकोन यादीबाहेर.

सोबत दादूमामा कांबळे, निवृत्त वनमजूर. त्या दिवशी एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, गेलो होतो. तिथे कित्येक वर्षांत गवा चढला नाही, असं गावकरी सांगत होते.

सकाळचे साडेआठ. वर पोचलो आणि धुकं उतरलं. हातातलं होकायंत्र दिसेना. मामा म्हणाले, बसून राहू. पण मला दुपारपर्यंत चौकोन संपवायचा होता. मी चालत राहिले. ते पुटपुटत मागे आले.

आधी वास आला, गोठ्यासारखा. मग श्वास — डावीकडे, उजवीकडे, समोर. मामांनी माझं कोपर धरलं आणि हळूच म्हणाले, "म्याडम, हलू नगा. गवं हाईत. लई हाईत."

भीती वाटायला हवी होती. मला आनंदच झाला... चौकोन भरला! नीट दिसावं म्हणून मी पुढे पाऊल टाकलं, तर छातीला काहीतरी टेकलं. रुंद, ऊबदार, ओलसर. धडक नाही — नुसतं मागे रेटत होतं. एक पाऊल, दोन पावलं. मी हात ठेवला. आखूड राठ केस, खाली कपाळाचं हाड. मामांचाही हात तिथेच होता. किती वेळ उभे होतो, माहीत नाही. मी रडत होते, का तेही माहीत नाही.

वारा सुटला, धुकं फाटलं. समोर कुणीच नव्हतं. जमीनही नव्हती. दोन पावलांवर कडा, आणि खाली दरीतली झाडं शेवाळासारखी दिसत होती.

आदल्या संध्याकाळी सर पडून गेली होती, कड्याजवळ तांबडा चिखल होता. त्यात आमच्या बुटांचे ठसे स्पष्ट — पुढे गेलेले, मग मागे सरकलेले. माझा एक तर अगदी काठावर. खुराचा मात्र एकही नाही. टनाच्या घरातलं जनावर, आणि गवताचं पातं वाकलेलं नाही. तासभर आम्ही गुडघ्यांवर बसून शोधलं.

फॉर्म काढला. 'गवा' लिहिलं असतं तर सडा वाचला असता. मी मामांना विचारलं, काय लिहू?

"हात लावलाय की आपण," ते म्हणाले. "पन दिसलं न्हाय ते दिसलं म्हणून कसं लिवायचं?"

मी लिहिलं — 'खुणा आढळल्या नाहीत.' तो चौकोन यादीतून गेला.

थकवा, उंची, भास, सगळी कारणं लावून पाहिली. पण दोघांचे हात एकाच भासावर कसे टेकतील? आणि त्या दिवशी मी खोटं लिहिलं असं म्हणवत नाही... खरं लिहिलं असंही नाही.