तीन जर्सींचे आजोबा

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या कॉन्डोत रहिवाशांच्या आजी-आजोबांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि यादी, फ्रेमा, चिठ्ठ्या हे सगळं आपोआप माझ्याकडे आलं. अडलं फक्त चौथ्या मजल्यावरच्या स्लोव्हाक शेजाऱ्यापाशी. त्याने फुटबॉलपटू आजोबांचे तीन फोटो दिले. पहिल्यात जर्सी चेकोस्लोव्हाकियाची, दुसऱ्यात स्लोव्हाकियाची, तिसऱ्यात पुन्हा चेकोस्लोव्हाकियाची. एक माणूस दोन देशांकडून खेळतो, वर परतही येतो? फोटो नेटवरून उचलले असणार, असं मला वाटलं.

नवरा म्हणाला, "आता लोकांच्या आजोबांचे पासपोर्ट तपासणार का?"

"भिंतीवर खोटं लागलं तर लोक मला विचारतील, तुला नाही."

मी सरळ शेजाऱ्याला विचारलं. तो हसला. "आजोबा कुठेच गेले नाहीत. युद्धाच्या तोंडावर जर्मनीने देश मोडला, स्लोव्हाकिया वेगळा झाला. युद्ध संपल्यावर देश पुन्हा जोडला गेला. आजोबांचं सरावाचं मैदान तेच राहिलं."

घरी येऊन खात्री केली. देशांचं खरं होतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. म्हणून मांडणी करताना मधल्या, सगळ्यात मोठ्या फोटोला मी चंदनाचा हार घातला. लिटल इंडियातून माझ्या आजोबांसाठी आणताना एक जास्तीचा आणला होता.

शेजारी आला आणि फोटोसमोर थबकला. "हा कशासाठी?"

"गेलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही घालतो. मान म्हणून."

"काढाल का?"

त्याने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. आजोबांच्या खांद्यावर हात टाकून एक उंच तरुण उभा होता. "हा सेंटर फॉरवर्ड. आजोबांचा मित्र, ज्यू. युद्धात लपला होता. कुणीतरी पोलिसांना लपायची जागा सांगितली, त्याला नेलं, तो परत आला नाही. दुसऱ्या फोटोत संघात त्याच्या जागी, सेंटर फॉरवर्ड म्हणून, आजोबा आहेत. घरात कुणी विषय काढला की ते उठून बागेत जायचे."

"म्हणजे त्यांनीच—"

"माहीत नाही. मला सायकल त्यांनी शिकवली. एवढंच मी खात्रीने सांगू शकतो."

"मग हे फोटो दिलेत कशाला?"

"तिसराच दिला असता, तर तुम्ही काही विचारलं असतंत का?"

मी हार काढला. "पहिल्याला घालू? त्यात दोघंही आहेत."

"नको. त्यात आजोबाही आहेत."

पहिल्या फोटोखालच्या चिठ्ठीवर त्याने मित्राचं नाव घालायला सांगितलं. मी ते आजोबांच्या नावाआधी लिहिलं.

संध्याकाळी आठव्या मजल्यावरच्या बाई मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "एकच माणूस दोन देशांकडून? हे खरं आहे ना?"

"फोटो खरे आहेत," मी म्हटलं. "बाकीचं त्यालाच विचारा. तो सांगेल."