मुद्दाम फोडलेलं जहाज

मंडळी, ऑनलाइन गेममधल्या आमच्या जहाजाला एक खलाशी हवाय. रविवारी स्पर्धा आहे. नुसती लेव्हल बघून घेतलेले दोघे आधीच सोडून गेले. म्हणून यावेळी नानांना विचारलं. नाना माझे काका, नशिराबादला केळी कापणीची टोळी चालवतात.

नाना म्हणाले, "काय येतं ते विचारू नको. घड खाली पडला की माणूस काय करतो ते बघ."

आज दुपारी तीन नवे खेळाडू जहाजावर घेतले आणि काही न सांगता जहाज खडकावर घातलं. दोघं माइकवर मला शिव्या देत बसले. तिसरा एरंडोलचा. तो मुकाट्याने बादलीने पाणी उपसत राहिला. शेवटी सगळं पाणी उपसून झाल्यावर म्हणाला, "बठ्ठं पाणी काढी टाकं, भाऊ."

मी म्हटलं, ही परीक्षा होती, तुला घेतलं.

"म्हणजे मुद्दाम ठोकलं?"

"हो."

"मग नको, भाऊ. मी दुसरा कप्तान बघतो." आणि तो निघून गेला.

आत्ता नानांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी कधी मुद्दाम घड पाडला का?"

जागा अजून रिकामी आहे. खरं सांगा, तुम्ही थांबला असता का?