आबांना खाऊ घातलेली शेवळं

चहा घ्या, सांगतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. सजीवांचं वर्गीकरण हा माझा हातखंडा विषय. म्हणून तर हे जास्त लागतं.

मी जळगावकडचा. बायको मनीषा वज्रेश्वरीच्या पलीकडच्या खेड्यातली. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं, आणि तिचे वडील, आबा, माझ्याशी दोन वर्षं एक शब्द बोलले नाहीत. गेल्या जूनमध्ये तिनं कसंबसं त्यांना आमच्या कामतघरच्या घरी जेवायला राजी केलं. सकाळची ड्युटी संपवून ती त्यांना स्टँडवरून घेऊन येणार होती. स्वयंपाक माझ्याकडे.

मी ठरवलं, आबांच्या आवडीची शेवळं करायची. ही रानभाजी. पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीतून कोंब वर येतात, त्यांच्या जुड्या बाजारात मिळतात. मी कधी खाल्ली नव्हती. पण मला कसली अडचण? शास्त्रीय नाव शोधलं. पहिला शब्द अमॉर्फोफॅलस. म्हणजे प्रजाती सुरणाचीच. सुरण मला उत्तम जमतं, मग त्याचा भाऊ का नाही जमणार?

बाजारातल्या मावशींनी दोन जुड्या दिल्या आणि म्हणाल्या, "काकडं बी ने, दादा. त्याबिगर भाजी न्हाय व्हायची."

"आहेत घरात."

"घरात? झाड हाय का?"

काकडीचं झाड नसतं, वेल असतो, हे त्यांना समजावायचा मोह मी आवरला. "फ्रिजमध्ये आहेत, मावशी."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, विक्री बुडाली म्हणून.

घरी येऊन दोन काकड्या सोलल्या, किसल्या, भाजीत घातल्या. रंग झकास आला. चव बघितली का? छे. पाहुण्यांच्या आधी उष्टं कोण करतं?

आबा आले, मान खाली घालून जेवायला बसले. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांचा हात गळ्याकडे गेला. मनीषा खाकरायला लागली. माझ्या जिभेला तर कुणी टाचण्या टोचाव्यात तसं झालं.

आबांनी मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, तेही घोगऱ्या आवाजात.

"काकडं न्हाय घातली?"

"घातली की, आबा. दोन. किसून."

"किसून?"

मनीषा उठून आत गेली आणि काकडीची सालं तळहातावर घेऊन आली. मग मला कळलं. काकड हे रानातलं मोठं झाड, गुग्गुळाच्या कुळातलं. त्याची आंबट फळं म्हणजे काकडं, शेवळांची खाज मारायला घालतात. मी घातली भोपळ्याच्या कुळातली काकडी. बोलीतल्या नावांनी घोटाळे होतात, म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं नाव देतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. भाजीचं नाव तपासलं, काकडांचं तपासायचं सुचलंच नाही.

चिंचेच्या पाण्याच्या गुळण्या करत आम्ही तिघं मोरीपाशी उभे होतो. आबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. आधी वाटलं खाजेनं. मग बघतो तर हसत होते.

आता आबा माझ्याशी भरपूर बोलतात. अधूनमधून जेवायलाही येतात. फक्त निघायच्या आधी मला फोन करून विचारतात, "आज मनीषा घरी हाय ना?"