दारावरच्या बायका

आबा, म्हणजे माझे वडील, जेवताना गेले. पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या अंगणात, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना. घास हातात असतानाच ते बाजूला कलंडले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. आमच्या गल्लीला ते पटलं नाही, कारण त्यात बोलायला काहीच नव्हतं.

आमच्याकडे मयताच्या घरी दारावर येतात. बायका फाटकापासूनच गळा काढतात आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडतात. शेजारच्या काकू आईच्या गळ्यात अशाच पडल्या आणि हुंदका आवरायच्या आत तिच्या कानाशी लागल्या, "काय रांधं व्हतं वं माय त्या दिन?" पुढच्या बाईनं तेच विचारलं. तिच्या मागचीनंही. तेराव्यापर्यंत आईच्या भरतातच काहीतरी होतं, हे गल्लीत ठरून गेलं. तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त तिच्या हातचं कुणी खाईना. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा 'घरी नेते' म्हणत रुमालात बांधला जायचा. मला या बायकांची किळस यायची. अजून येते.

म्हणून मी सिनेमा करायला घेतला, छोटासाच. आबांचं जाणं जसं झालं तसं दाखवायचं आणि आईवरचा तो डाग पुसून टाकायचा, एवढंच डोक्यात होतं. धुळ्याहून कॅमेरावाला मित्र आला. आईचं काम करायला कॉलेजातली एक मुलगी मिळाली. दारावर रडायला मात्र त्याच बायकांना बोलावलं, दुसऱ्या आणणार कुठून? आल्या की! ठेवणीतल्या साड्या, तोंडाला पावडर. आणि रडल्या काय! काकू तर "परत करू का?" विचारून पुन्हा रडल्या. जेवणाचा तो प्रश्न मी लिहिलाच नव्हता, आईसाठी गाळला होता. काकूंनी तो आपणहून विचारला, त्या मुलीच्या कानाशी, त्याच सुरात. आई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती.

दुपारचं जेवण आईनं हट्टानं स्वतः केलं होतं. भरीतच. आबा गेल्यापासून तिनं वांग्याला हात लावला नव्हता. पुरुष मंडळी जेवायला बसली. काकू म्हणाल्या, "मना आज उपास शे." दुसरी म्हणाली, "मना बी." मग सगळ्यांनाच उपास निघाला. ना चतुर्थी, ना एकादशी. त्यातल्याच एकीनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून फोडला.

मी भांडायलाच उठले होते. आईनं हातानं थांबवलं. पातेलं उचलून ती त्या बायकांच्या पुढ्यात जाऊन बसली, स्वतःला वाढून घेतलं आणि भाकरी मोडता मोडता मला म्हणाली, "काय दखी ऱ्हायनी? चालू कर ना. हाई बी ले तुना पिक्चरमा."

आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत जेवायला लागली.