मोगऱ्याला ताण

देवाने तुमच्या चिखलीच्या आजीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, सगळं दिलं. फक्त बूड टेकायची बुद्धी तेवढी दिली नाही. चहा ती उभ्यानेच पिते, तोही अर्धा, कारण तेवढ्यात तिला माझ्या कुंडीतलं तण दिसतं. संध्याकाळी खोचलेली फांदी सकाळी उपटून पाहते. "मुळी फुटली का नाई, पाहाले नको?" तिच्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसेल, कात्री असतेच. एकदा बुलढाण्याच्या स्टँडजवळ कुणा अनोळखी माणसाच्या फाटकावरची बोगनवेल तिने छाटून टाकली. मालक ओरडत आला, तर फांद्या त्याच्याच हातात देऊन म्हणाली, "इतके दिवस झोपले होते का भाऊ?"

गेल्या जानेवारीत ती माझ्या मोगऱ्याकडे वळली. तुमच्या आजोबांनी लावलेला हा मोगरा ते गेल्यापासून दोन उन्हाळे फुललाच नव्हता. "रोज सात वाजता मग्गाभर पाणी! लाडावला तो. संत्र्याले देतात तसा ताण द्या लागते." तिच्या माहेरी संत्र्याच्या बागा. तिने झाड गुडघ्याएवढं छाटलं, एकूण एक पान ओरबाडलं आणि मला बजावलं, एकवीस दिवस पाण्याचा थेंब नाही. मी कॅलेंडरवर खुणा करू लागले. ती मात्र रोज फोन करी, "जाऊबाई, वाळला तर नाही ना?" एकोणिसाव्या दिवशी न राहवून पहिल्या एसटीने आलीच. नखाने साल खरवडली, आत तपकिरी. "मेलं बाई! दादांचं झाड म्या मारलं!" आजोबांना ती दादा म्हणे. बादली घेऊन धावली, तशी मी कडी धरली.

"अजून दोन दिवस आहेत."

"तुम्ही तारखा पाहत बसा, इथं झाड मरून राह्यलं!"

त्या ओढाताणीत आम्ही दोघी चिंब झालो, मोगरा कोरडाच राहिला.

ते दोन दिवस ती इथेच थांबली आणि घरातलं एकही भांडं जागेवर राहिलं नाही. मग पाणी, शेणखत आणि पुन्हा वाट पाहणं. होळीच्या सुमारास बुंध्याशी हिरवे डोळे दिसले, एप्रिलमध्ये कळ्या. पहिली ओंजळ खुडून तिने गजरा केला. मला वाटलं, आजोबांच्या फोटोला घालणार. तिने तो माझ्या अंबाड्यात खोचला. आजोबा गेल्यापासून मी फूल माळलं नव्हतं. काढायला हात वर नेला, तर म्हणाली, "राहू द्या. दादांनी काय फोटोसाठी लावला होता?"

मी हात खाली घेतला. कोणी पाहील म्हणून दिवसभर फाटकाकडे गेले नाही. पण संध्याकाळी फुलं पार पिवळी पडेपर्यंत गजरा काढलाही नाही.